कोरड्या सुईचा उपचार

मान, खांदा किंवा कंबर यांच्या जुनाट स्नायुदुखीवर फिजिओथेरपिस्ट आता ‘ड्राय नीडलिंग’ हा उपचार वापरतात. त्यात कोणतेही औषध न सोडता, साधारणतः पाव मिलिमीटर जाडीची भरीव सुई थेट दुखऱ्या स्नायूत टोचली जाते.

या उपचाराचे लक्ष्य असते ‘ट्रिगर पॉइंट’, म्हणजे ताठरलेल्या स्नायुतंतूंमध्ये बोटाला लागणारी हुळहुळी गाठ, जी दाबली असता वेदना तेथेच न थांबता दूरवर उमटते. मान व खांदा यांच्यामधल्या ट्रॅपेझियस स्नायूतील गाठ कानशिलापर्यंत ठणका पोचवते, तर खांद्याच्या पात्यावरील स्नायूतील गाठीची कळ खांद्याच्या पुढच्या बाजूस जाणवते; त्यामुळे रुग्ण बोट ठेवतो ती जागा आणि दुखण्याचे मूळ पुष्कळदा वेगळे असते, आणि सुई हाती घेण्यापूर्वी बोटांनी केलेली तपासणीच निर्णायक ठरते.

या गाठींचा तपशीलवार अभ्यास अमेरिकेतील डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी केला. त्या राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य होत्या आणि डेव्हिड सायमन्स यांच्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९८३ मध्ये निघाला. मात्र त्यांच्या पद्धतीत गाठीत भुलीचे औषध टोचण्यावर भर होता. चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी १९७९ मध्ये २४१ रुग्णांचे अनुभव मांडून, गुण औषधाचा नसून सुईच्या टोचण्याचाच असल्याचे प्रतिपादन केले. सुई अ‍ॅक्युपंक्चरसारखीच असली, तरी ते चिनी परंपरेतील ऊर्जामार्गांच्या कल्पनेवर आणि ड्राय नीडलिंग शरीररचनाशास्त्रावर आधारलेले आहे.

प्रत्यक्षात त्वचा निर्जंतुक करून स्नायू चिमटीत धरला जातो, प्लॅस्टिकच्या बारीक नळीतून सुई हलक्या टिचकीने आत सारली जाते आणि नंतर ती किंचित वर-खाली केली जाते. नेमकी गाठ सापडली की स्नायू क्षणभर आपोआप उडतो व रुग्णाला पेटका आल्यासारखी खोल कळ जाणवते. त्यानंतर एक-दोन दिवस ती जागा ठणकते.

ट्रिगर पॉइंट म्हणजे नेमके काय, याविषयी संशोधकांत अजूनही वाद आहे. उपलब्ध अभ्यासांतून काही आठवड्यांपुरता आराम दिसतो. दीर्घकाळ टिकणाऱ्या परिणामाचे पुरावे तोकडे आहेत. म्हणून वेदना कमी झालेल्या त्या अवधीत स्नायू ताणण्याचे व बळकट करण्याचे व्यायाम झाले नाहीत, बसण्याची पद्धत बदलली नाही, तर दुखणे परतण्याचीच शक्यता अधिक. केवळ सुईवर विसंबणे हा अर्धवट उपचार होय.

धोका क्वचित उद्भवतो, पण तो गंभीर असू शकतो. खांद्याच्या वरच्या भागाखालीच फुप्फुसाचे टोक असल्याने चुकलेल्या सुईने फुप्फुसाला छिद्र पडू शकते. उपचारानंतर काही तासांनीही धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी ते आधीच सांगावे. उपचार करणारी व्यक्ती नोंदणीकृत व या तंत्रात प्रशिक्षित आहे का, हे प्रत्येक रुग्णाने निःसंकोच विचारावे आणि सुईचे नवे पाकीट आपल्या डोळ्यांदेखत उघडण्याचा आग्रह धरावा.