सालमपंजाची पारख प्रयोगशाळेत

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील काष्ठौषधींच्या दुकानांत शक्तिवर्धक म्हणून मिळणारा सालमपंजा हा मुळात हिमालयातील एका ऑर्किडचा कंद आहे. पंजासारख्या आकारामुळे अखंड कंद ओळखता येतो. त्याचे चूर्ण झाले, की मात्र डोळ्यांची पारख संपते. तेथून रसायनशास्त्राचे काम सुरू होते.

हे चूर्ण पाण्यात फुगून बुळबुळीत होते, ते ग्लुकोमॅनन या बहुशर्करेमुळे. ग्लुकोज आणि मॅनोज या दोन शर्करांचे रेणू माळेतील मण्यांसारखे गुंफून ती बनलेली असते. कंदात तिच्यासोबत स्टार्च, प्रथिने व रंगद्रव्येही असल्याने प्रथम तिला वेगळे करावे लागते. अल्कोहोलने धुतलेले चूर्ण गरम पाण्यात ढवळले, की बहुशर्करा पाण्यात उतरते. गाळलेल्या द्रावातील स्टार्च अमायलेज या विकराने मोडतात, प्रथिने दूर करतात आणि द्रावाच्या तिप्पट-चौपट अल्कोहोल ओततात. त्यात न विरघळणारी बहुशर्करा साक्याच्या रूपाने वेगळी होते.

पुढची पायरी ओळख पटवण्याची. शुद्ध नमुना आम्लात तापवला, की माळ तुटते आणि सुटे मणी मोजता येतात. स्टार्चपासून केवळ ग्लुकोज मिळते. त्यामुळे मॅनोज न आढळल्यास भेसळीचा संशय बळावतो. आयोडिनची निळी खूण येथे निर्णायक ठरत नाही, कारण अस्सल कंदातही स्टार्च असतो. मॅनोज सापडले तरी निःशंक होता येत नाही. सुरणाचा भाऊबंद असलेल्या कोंजॅकच्या कंदातही ग्लुकोमॅननच असते. म्हणून दोन्ही शर्करांचे परस्परप्रमाण, रेणुभार आणि मण्यांची जोडणीही तपासावी लागते. अर्थात रचना कळली म्हणजे औषधी गुण सिद्ध झाला, असे नव्हे.

ही पारख केवळ ग्राहकाच्या खिशापुरती नाही. कंदासाठी रोप उपटले, की ते बहुधा संपतेच. आणि ऑर्किडचे धुळीएवढे बी निसर्गात बुरशीच्या साथीशिवाय रुजत नाही. सह्याद्रीतील अमरकंद या ऑर्किडवरही हेच संकट येऊ शकते. ऑर्किडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराने नियंत्रित केला आहे. परंतु चूर्णातील वनस्पती ओळखता आली नाही, तर नियमांचा उपयोग काय? लागवडीच्या कंदातही तीच बहुशर्करा असल्याचे याच कसोट्यांनी दाखवता आले, तर जंगलातील कंद जमिनीतच राहू शकेल.