गणित आणि संगणकशास्त्र यांची जोडपदवी

बारावीचा निकाल लागला, की ज्या घरात गणितात उत्तम गुण मिळविणारा मुलगा अथवा मुलगी असते, त्या घरी एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो : अभियांत्रिकीला प्रवेश कोठे मिळेल? गणिताची आवड म्हणजे अभियंता होण्याची पूर्वतयारी, असेच जणू सर्वांनी गृहीत धरलेले असते. त्यातही संगणकाच्या शाखेकडे ओढा मोठा. या धावपळीत एक निराळी वाट बहुतेक कुटुंबांच्या दृष्टीआड राहते. गणित आणि संगणकशास्त्र ही दोन्ही शास्त्रे एकत्र शिकविणारी विज्ञानाची ऑनर्स पदवी आपल्या देशात १९९८ सालापासून उपलब्ध आहे. ती सुरू केली मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने.

ही दोन शास्त्रे एका दावणीला का बांधावीत, असे कोणी विचारील. संगणक हे यंत्र, आणि गणित ही विचारपद्धती. यंत्र चालवावयास सिद्धता कशाला हवी? या शंकेचे उत्तर शाळेतल्याच एका उदाहरणात सापडते. दोन संख्यांचा मसावि काढण्याची भागाकाराची रीत सर्वांनी शिकलेली असते. २५२ आणि १०५ या संख्या घेऊ. २५२ ला १०५ ने भागले की बाकी ४२ उरते. १०५ ला ४२ ने भागले की २१. आणि ४२ ला २१ ने भागले की बाकी शून्य. मसावि २१. रीत युक्लिडची, आणि आपल्याकडे आर्यभटाच्या कुट्टकातही भागाकारांची हीच साखळी आहे. शाळेत येथेच धडा संपतो. या पदवीच्या वर्गात मात्र तो येथून सुरू होतो. ही रीत केव्हातरी थांबेलच, हे कशावरून? प्रत्येक बाकी आधीच्या बाकीहून लहान असते आणि शून्याखाली जाऊ शकत नाही, म्हणून. उत्तर बरोबरच येईल, हे कशावरून? जी संख्या दोघींना निःशेष भागते ती बाकीलाही भागते, म्हणून. आणि तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : ती किती पायऱ्यांत थांबेल? १८४४ साली लामे या फ्रेंच गणितज्ञाने दाखवून दिले, की लहान संख्येत जितके अंक असतील त्याच्या पाचपटीहून अधिक भागाकार कधीच लागत नाहीत. शंभर अंकी संख्या असली तरी पाचशे भागाकारांत काम संपते.

आता याच्या शेजारी दुसरा प्रश्न ठेवून पाहावा. शंभर अंकी एक संख्या दिली आहे; ती मूळ संख्या आहे की नाही? शाळेतल्या रीतीने एकेक भाजक लावून पाहावयाचे म्हटले, तर एकावर पन्नास शून्ये दिली असता जी संख्या होते, तिथवर मजल मारावी लागेल. एका सेकंदात लाख कोटी भागाकार करणारे यंत्र घेतले, तरी विश्वाचे आजवरचे सारे आयुष्य त्या कामाला पुरणार नाही. यंत्राचा वेग वाढवून सुटणारी ही अडचण नव्हे. येथे रीतच बदलली पाहिजे. व्यवहारात चालतील अशा रीती होत्या. पण त्यांपैकी काहींत निर्णय दैवगतीवर, म्हणजे संभाव्यतेवर, सोडावा लागे, तर काही अद्याप सिद्ध न झालेल्या गृहीतांवर उभ्या होत्या. निःसंदिग्ध उत्तर देणारी, कोणत्याही गृहीताचा आधार न घेणारी आणि तत्त्वतः जलद अशी रीत २००२ साली सापडली. ती शोधली कानपूरच्या आय. आय. टी.तील मणीन्द्र अग्रवाल या प्राध्यापकांनी आणि नीरज कयाल व नितीन सक्सेना या त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी. हे दोघे त्याच वर्षी बी. टेक. झाले होते. विशेष हे, की या शोधातील मध्यवर्ती कल्पना पदवीच्या वर्गात शिकविल्या जाणाऱ्या बहुपदींच्या बीजगणितातून आलेली आहे. हा शोध गणिताचा की संगणकशास्त्राचा, हा वाद घालण्यात अर्थ नाही. २००४ साली तो गणिताच्या अग्रगण्य नियतकालिकात छापला गेला, आणि २००६ साली त्याला संगणकशास्त्राचे गोडेल पारितोषिक मिळाले.

चेन्नईच्या अभ्यासक्रमाची आखणी नेमक्या याच दृष्टीने झालेली दिसते. पहिल्या वर्षी बीजगणित, विश्लेषण आणि कलन यांच्या जोडीला संगणकाला आज्ञा देण्याची विद्या येते. तिचा आरंभ तेथे बाजारात मागणी असलेल्या एखाद्या भाषेने न होता ‘हॅस्केल’ नावाच्या भाषेने होतो. पालकांना हे चमत्कारिक वाटणे साहजिक आहे. परंतु या भाषेत आज्ञावली लिहिणे म्हणजे गणितातील फलाची व्याख्या लिहिणे होय. संख्यांच्या यादीची बेरीज सांगावयाची तर इतकेच म्हणावयाचे : यादी रिकामी असेल तर बेरीज शून्य, नसेल तर पहिली संख्या अधिक उरलेल्या यादीची बेरीज. ही व्याख्या बरोबर आहे हे सिद्ध करावयास जे गणितीय विगमन लागते, ते विद्यार्थी शेजारच्या तासाला शिकतच असतो. दोन तासांमधली भिंत अशी आपोआप पडते. पुढे रीतींची रचना व त्यांचे मूल्यमापन आणि संगणनाचा सिद्धांत हे विषय येतात. यंत्राला कोणते प्रश्न मुळीच सुटणार नाहीत, हेही तेथे शिकावे लागते. ॲलन ट्यूरिंगने या प्रश्नाचा निकाल १९३६ साली लावला, तेव्हा आजच्या अर्थाचा संगणक जगात कोठेही नव्हता.

या उपक्रमामागे सी. एस. शेषाद्री या गणितज्ञाची चिकाटी होती. १९३२ साली कांचीपुरम येथे जन्मलेले शेषाद्री मद्रासच्या लोयोला महाविद्यालयातून पदवी घेऊन १९५३ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, आणि त्यांच्या उमेदीची तीन दशके मुंबईतच गेली. एम. एस. नरसिंहन् यांच्यासह त्यांनी १९६५ साली सिद्ध केलेले प्रमेय आज जगभर त्या दोघांच्या नावाने ओळखले जाते. पुढे ते मद्रासला परतले, आणि १९८९ साली खतांचा कारखाना चालविणाऱ्या ‘स्पिक’ या उद्योगाच्या विज्ञान प्रतिष्ठानात त्यांनी गणिताचे एक छोटे केंद्र उभारले. खताच्या पैशावर शुद्ध गणित पोसले जावे, यात विसंगती पाहणाऱ्यांनी पाहावी.

स्वातंत्र्यानंतर आपण संशोधनासाठी स्वतंत्र संस्था उभारल्या. त्या नामांकित झाल्या. पण त्यामुळे उत्तम संशोधक एकीकडे आणि अठरा वर्षांचे विद्यार्थी दुसरीकडे, अशी फारकत झाली. ही फारकत मोडण्याचा प्रयत्न म्हणून १९९८ साली पदवीचा वर्ग सुरू झाला. तोवर संस्थेला स्वतः पदवी देण्याचा अधिकार नव्हता. भोपाळच्या भोज मुक्त विद्यापीठाच्या साहाय्याने पदव्या दिल्या जात. अभिमत विद्यापीठाचा दर्जा २००६ सालच्या डिसेंबरात मिळाला. सिरुसेरी येथील स्वतःच्या वास्तूत संस्था त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. तेव्हा पहिल्या काही तुकड्यांतील मुलांनी, आणि त्यांच्या आईवडिलांनी, केवढा भरवसा टाकला होता याची कल्पना यावी. हाती पडणार होती ती एका मुक्त विद्यापीठाची बी. एस्‌सी., आणि शेजारचा मुलगा अभियंता होणार होता! शेषाद्री २०२० साली निवर्तले.

अशाच धर्तीवर भारतीय सांख्यिकी संस्थेची बंगळूर येथील गणिताची पदवी उभी आहे, आणि त्याच संस्थेची कलकत्त्याची संख्याशास्त्राची पदवी तर १९६० पासूनची. पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांतील संगणकशास्त्राच्या बी. एस्‌सी.तही गणिताला स्थान आहे. मात्र तिचा रोख व्यवसायाकडे अधिक आहे, आणि त्यात गैर काही नाही.

ज्याला संगणक हाताळावयास आवडतो परंतु ‘हे कशावरून?’ हा प्रश्न विचारण्याचा कंटाळा येतो, त्याने चेन्नईच्या वाटेला जाऊ नये; ती तीन वर्षे त्याला शिक्षा वाटतील. उलट, शाळेत शंभरांपैकी शंभर मिळविणाऱ्यालाही पहिल्या सहामाहीत धक्का बसतो, कारण तोवर त्याने उत्तरे काढलेली असतात, सिद्धता लिहिलेल्या नसतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला मसावि आणि विगमन यांची इंग्रजी नावे नव्याने शिकावी लागतात. पण ही अडचण काही महिन्यांची असते, आणि तेवढ्यावरून मागे सरण्याचे कारण नाही. खरी अडचण निराळीच आहे. जिल्ह्याच्या गावी या पदवीचे नावच पोचत नाही. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापिलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे; गणित ऑलिंपियाडच्या निमित्ताने तेथे गेलेल्या मुलांना ही वाट ठाऊक होते. परभणीच्या किंवा चंद्रपूरच्या मुलाला ती कोणी सांगावयाची? त्याच्या शिक्षकाने जुन्या प्रवेश परीक्षेची एक प्रश्नपत्रिका आणून फळ्यावर त्यातला एखादा प्रश्न लिहिला, तरी पुष्कळ झाले. त्या परीक्षेत घोकलेली सूत्रे फारशी उपयोगी पडत नाहीत. आणि सविस्तर उत्तराच्या प्रश्नांत शेवटपर्यंत पोचता आले नाही, तरी जितका युक्तिवाद बरोबर लिहिला असेल तितक्याचे गुण मिळतात.