वेगाची किंमत

21 जुलै 2011. लॉर्ड्सच्या मैदानावर झहीर खानने कुक आणि स्ट्रॉस हे इंग्लंडचे दोन्ही सलामीवीर बाद केले आणि त्याच दिवशी मांडीचा स्नायू दुखावल्याने त्याला मैदान सोडावे लागले. 13.3 षटके, 18 धावा, 2 बळी. त्या कसोटी मालिकेत तो पुन्हा गोलंदाजी करू शकला नाही. भारताने मालिका 4-0 अशी गमावली.

याला दुर्दैव म्हणणे सोपे आहे. परंतु त्याआधीचे वेळापत्रक पाहावे. 2 एप्रिलला विश्वचषकाची अंतिम लढत झाली. त्या स्पर्धेत झहीरने 21 बळी घेतले होते. अवघ्या सहा दिवसांनी आयपीएल सुरू झाली आणि तो तेथेही खेळला. वेगवान गोलंदाजाच्या पुढच्या पायावर प्रत्येक चेंडूगणिक शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पडतो. ती झीज विश्रांतीवाचून भरून येत नाही.

श्रीरामपूरच्या या गोलंदाजाला मांडी, खांदा, घोटा यांनी वारंवार दगा दिला. तरीही त्याने 92 कसोटींत 311 बळी मिळवले. त्याच्या पाठीशी क्रिकेट मंडळ होते, निष्णात शल्यविशारद होते. दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी लंगडत धावणाऱ्या मुलाच्या पाठीशी बहुधा एकटा क्रीडाशिक्षक असतो. ‘आजचा सामना तेवढा खेळ’ हा मोह आवरून त्याला बाहेर बसवणे, ही पराभवाची कबुली नव्हे. ते शिक्षकाचे कर्तव्यच आहे.