विचारले कोणी? : स्त्रियांच्या आरोग्य-संशोधनाचा जमाखर्च

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने क्षीण झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. आनंदासह विहारातून फिरताना भगवान बुद्ध त्याच्यापाशी थांबले. तुला काय होते आहे, असे त्यांनी प्रथम विचारले. तुझी शुश्रूषा करणारे कोणी नाही का, हा त्यांचा दुसरा प्रश्न होता. मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत, असे त्या आजारी भिक्खूने सांगितले. तेव्हा तथागतांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः न्हाऊ घातले आणि खाटेवर निजविले.

स्त्रियांच्या आजारांबाबत वैद्यकशास्त्राची वागणूक दीर्घकाळ त्या विहारातील इतर भिक्खूंसारखी होती. स्त्री गर्भवती असली की तिची तपासणी होई; कुटुंबनियोजनाचे उद्दिष्ट गाठायचे असले की तिची नोंद होई. त्यापलीकडे तिच्या शरीरात काय बिघडले आहे, हे तिला क्वचितच कोणी विचारी. गेल्या चाळीस वर्षांत ही स्थिती काही अंशी पालटली. या बदलात महाराष्ट्रातील ग्रामीण व कष्टकरी स्त्रियांचा वाटा मोठा आहे. त्या वाट्याचा, आणि अद्याप न फिटलेल्या ऋणाचा, हिशोब मांडण्याचा हा आमचा प्रयत्न आहे.

गडचिरोलीतील दोन खेडी

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी 1986 साली गडचिरोली जिल्ह्यात कार्य आरंभिले. तोवर स्त्रीरोगांविषयीचे आकडे बहुधा रुग्णालयांतून येत. म्हणजे जी स्त्री रुग्णालयाची पायरी चढली, तिचेच दुखणे मोजले जाई. बंग दांपत्य व त्यांचे सहकारी यांनी दोन खेडी निवडली आणि तेथील स्त्रियांची, तक्रार असो वा नसो, तपासणी केली. 650 स्त्रियांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष जानेवारी 1989 मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरातील 92 स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. सरासरी काढली तर प्रत्येकीला 3.6 आजार. तक्रार मात्र शंभरातील 55 जणींनीच सांगितली होती, आणि यापूर्वी तपासणी व उपचार लाभलेल्या होत्या केवळ 8.

या आकड्यांनी एक जुना समज मोडीत काढला. अंगावर पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीचा त्रास हे 'बाईच्या जातीला असायचेच' असे घराघरांत म्हटले जात होते. ते स्त्रीत्वाचे भोग नसून उपचार करता येण्याजोगे आजार आहेत, हे आता पुराव्यानिशी सिद्ध झाले. 1994 च्या कैरो येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेनेही स्त्रीचे प्रजनन आरोग्य हा तिचा हक्क मानला.

एका चाचणीचे सामर्थ्य

दुसरा टप्पा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा. हा रोग ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजे एचपीव्हीच्या, दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गामुळे होतो. या शोधासाठी हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 चे नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. काही जणींमध्ये तो टिकतो, गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू बदल घडवितो, आणि अनेक वर्षांनी त्याचे पर्यवसान कर्करोगात होते. ही मधली वर्षे हीच आपली संधी. त्या काळात बदल ओळखला, तर साध्या उपचाराने रोग टाळता येतो.

हे खेड्यांतून साधेल काय, याचा शोध उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, घेतला गेला. 1999 पासून 30 ते 59 वर्षे वयाच्या 1 लाख 31 हजारांहून अधिक स्त्रिया या अभ्यासात सामील झाल्या. त्यांचे चार गट करण्यात आले. एका गटाची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पेशींची पॅप चाचणी, तिसऱ्याची ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी झाली. चौथा गट तुलनेसाठी होता. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने आठ वर्षांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. मुंबईतील झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने केलेल्या अभ्यासात दर दोन वर्षांनी ॲसिटिक आम्लाची तपासणी झाली आणि मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. ती तपासणी करणाऱ्या प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका होत्या, डॉक्टर नव्हत्या.

मात्र या दोन्ही अभ्यासांतील तुलनेच्या गटाला माहिती दिली गेली, अभ्यासातर्फे तपासणी मिळाली नाही. तपासणीचा उपयोग जगाला ठाऊक असताना हे योग्य होते काय, असा आक्षेप पुढे घेतला गेला. सरकारी व्यवस्थेत तेव्हा अशी तपासणी मुळी नव्हतीच, असे संशोधकांचे म्हणणे होते. दोन्ही बाजू ऐकल्यावर आम्हांला एवढेच वाटते, की जगाला मिळालेल्या या ज्ञानाची किंमत आपल्या परिसरातील स्त्रियांनी चुकविली आहे. त्याचे फळ प्रथम त्यांच्या लेकी-सुनांना मिळावयास हवे होते.

फळ पोहोचले कोठे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, 30 ते 49 वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया केवळ 1.9 टक्के आढळल्या.

तपासणी नसली की तिची जागा भीती घेते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाने 2019 साली समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. गळीत हंगामात एक दिवस बुडाला तरी खाडा पडतो. मुकादमाची उचल फेडायची असते. फडावर न्हाणीघर नसते. पांढरे जाण्याची तक्रार घेऊन गेलेल्या स्त्रीला 'पुढे कर्करोग होईल' असे सांगितले गेले, की तिला पिशवी काढून टाकणे हाच सुटकेचा मार्ग वाटतो. जी शंका एका चाचणीने फिटली असती, तिच्यापायी तरुण वयात अवयव गेला. कमी वयात गर्भाशय गमावलेल्या या स्त्रियांच्या हाडांचे, हृदयाचे, मनाचे पुढे काय होते, याचा दीर्घकाळ मागोवा घेणारा अभ्यास व्हावयास हवा. शस्त्रक्रिया मोजल्या गेल्या. आता त्या स्त्रियांची विचारपूस व्हावी.

गृहपालाची सही

तिसरी गोष्ट आपल्यासारख्या निवासी शाळांना थेट लागू पडते. 2009 साली आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातमधील वडोदरा येथे एचपीव्ही लसीचा प्रकल्प राबविला गेला. खम्ममच्या आदिवासी वसतिगृहांतील कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी गृहपालांनी व मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाल्यानंतर 2010 मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला. मृत्यूंचा लसीशी संबंध असल्याचे चौकशीत सिद्ध झाले नाही. परंतु संमती घेण्याच्या पद्धतीवर संसदीय समितीने 2013 साली कठोर ताशेरे ओढले.

त्याच सुमारास देशात लसीच्या मात्रांचा एक वेगळा अभ्यास सुरू होता. तोही 2010 मध्ये थांबविला गेला आणि अनेक मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्या मुलींचा मागोवा पुढे अनेक वर्षे घेतला. एका मात्रेनेही उत्तम संरक्षण मिळते, असे दिसून आले. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत या मुलींचाही वाटा आहे. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लसीला भारतात मान्यता मिळाली.

म्हणजे लस उपयुक्त होती, आणि तरीही ती देण्याची रीत चुकली होती. दुसऱ्याच्या लेकीच्या शरीराविषयीचा निर्णय, तो हिताचा असला तरी, परस्पर घेण्याचा अधिकार कोणत्याही गृहपालाला नाही.

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरविल्या आहेत. शाळेत कोणतीही लस वा तपासणी येईल, तेव्हा मराठी माहितीपत्रक पालकसभेत मोठ्याने वाचले जाईल. सही वा अंगठा आई किंवा वडिलांचा असेल. आणि मुलीलाही विचारले जाईल. दहाव्या-बाराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी करून घ्यावीच लागते, हे वरच्या वर्गांत शिकविले जाईल. मुलांना सोडावयास येणाऱ्या तीस वर्षांवरील मातांना सरकारी रुग्णालयातील तपासणीची माहिती दिली जाईल. फडावर निघण्यापूर्वी ती व्हावी, असा आग्रह धरला जाईल. आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्या माजी विद्यार्थिनींनी यासाठी वर्षातून एक दिवस द्यावा, अशी आमची विनंती आहे.

1928 साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा दिला, तो मातेच्या आरोग्याचा भार समाजाने उचलावा म्हणून. ते काम अपुरे आहे. या अंकाचे वाचन झाल्यावर प्रत्येक वाचकाने आपल्या आईला, पत्नीला, बहिणीला एवढेच विचारावे : तुला काय होते आहे? आणि ती 'काही नाही' म्हणाली, तर तेथेच थांबू नये.