पेटीतल्या कॅसेटी आणि आवाजाचे बटण

आपल्या बहुतेक घरांत एक पत्र्याची पेटी असते. शाळेचे दाखले, जातीचा दाखला, लग्नाचे फोटो असे सारे त्यात जपून ठेवलेले असते. लोणावळ्यातल्या आमच्या पेटीत या कागदांखाली कॅसेटी आहेत. पावसाळा सरला की पेटी उन्हात काढायची, हा आमच्या घरचा रिवाज. यंदा ती काढली आणि घरात वाद रंगला : यातली सगळ्यात आवडती कोणती, आणि का?

आमच्या वडिलांची निवड ठरलेली असे. प्रल्हाद शिंदे यांची भीमगीते! वडील रेल्वेत गँगमन होते. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोड येथे स्वहस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तेव्हापासून त्या दिवशी तिथे आपला समाज लोटतो. मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव अशी स्टेशने मागे टाकत आम्हीही लोकलने जायचो. वंदना झाली की वडील स्टॉलकडे वळत. एका वर्षाला एक पुस्तक आणि एक कॅसेट, एवढाच खर्च परवडे. दुकानदाराच्या टेपवर दोन्ही बाजू वाजवून पाहिल्याशिवाय ते पैसे देत नसत.

फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ साली आणली, पण कामगाराच्या खोलीत ती पोहोचली ऐंशीच्या दशकात. त्याआधी भीमगीत ऐकायचे म्हणजे जलसा किंवा रात्रभर चालणारी गायन पार्टी. तिथे पुरुष पुढे बसत, बायका लेकरे निजवून उशिरा येत आणि पहाटेच्या कामासाठी लवकर उठून जात. कॅसेटीने ते गाणे चुलीपाशी आणले. भाकरी थापतानाही ते ऐकता येऊ लागले.

म्हणूनच आमच्या आईची निवड वेगळी. तिला वामनदादा कर्डकांची गाणी हवीत. आई शाळेची पायरी चढली नाही. महाडचे पाणी, नाशिकचा सत्याग्रह, नागपूरची दीक्षा हा सारा क्रम तिला पुस्तकातून नव्हे, गाण्यांतून पाठ झाला. वामनदादा स्वतः सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. १९२२ साली जन्मले, मुंबईत मजुरी केली, आणि अक्षर शिकले ते मोठेपणी. "ज्याला उशिरा अक्षर मिळालं, त्याला माझ्यासारखीला कसं सांगावं ते बरोबर कळतं," असे आई म्हणते. २००४ सालच्या मे महिन्यात वामनदादा गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. त्या दोन महिन्यांत आमच्या घरात दुसरे काही वाजले नाही.

आता बटणाची गोष्ट. तेव्हा आम्ही एका चाळीत भाड्याने राहायचो. खोली घेताना मालकाने आडनाव खोदून विचारले नव्हते, आम्हीही सांगितले नव्हते. टेप लावला की आई दार लोटून घेई आणि आवाजाचे बटण खाली आणी. गाणे इतके हळू, की कान टेपला लावावा लागे. एका १४ एप्रिलला वडील संध्याकाळी कामावरून आले, हातपाय धुतले, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, दार सताड उघडले आणि बटण पूर्ण फिरवले. आईच्या हातातले पीठ तसेच राहिले. महिनाअखेर खोली सोडण्याचा निरोप आला. भांडीकुंडी हातगाडीवर गेली, पण टेप वडिलांनी छातीशी धरून नेला. पुढच्या खोलीचे भाडे जास्त होते. दोन वर्षे नवे कपडे झाले नाहीत. तरी वडिलांना त्या संध्याकाळचा पश्चात्ताप कधी झाला नाही.

आमच्या मुलाची आवड मात्र निराळी. त्याच्या फोनवर रॉक वाजते. गिटार आणि ड्रमच्या त्या दणक्याने भिंत हादरते म्हणून आम्ही कुरकुरत होतो. यंदाच्या वादात त्यानेही आपली निवड सांगितली : अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायक चक बेरी यांचा १९५९ सालचा अल्बम, 'चक बेरी इज ऑन टॉप'. म्हणाला, "बाबा, रॉक हे गोऱ्यांचं गाणं नव्हे. ज्यांचे पूर्वज गुलाम होते, त्यांच्या गाण्यातून ते निघालं." या अल्बममध्ये 'जॉनी बी. गूड' नावाचे गाणे आहे. त्यातल्या खेड्यातल्या मुलाला लिहिता-वाचता नीट येत नाही, पण गिटार मात्र तो बहारदार वाजवतो. आईने लगेच मान डोलावली. तिला तिचे वामनदादा आठवले असावेत.

मुलाने पुढे सांगितले, की बेरींनी आधी त्या मुलाला काळ्या वर्णाचा म्हटले होते. रेडिओवर गाणे वाजावे म्हणून तो शब्द काढून 'खेड्यातला' असा केला. हे ऐकून आम्ही गप्प झालो. पहिल्या नोकरीत कुणी आडनाव विचारले की आम्हीही मावळातल्या गावाचे नाव सांगून वेळ मारून नेत असू. सातासमुद्रापलीकडच्या त्या कलावंताने जातीच्या जागी गाव सांगितले, आम्हीही तेच केले!

तेच गाणे १९७७ साली व्हॉयेजर यानांतल्या सोनेरी तबकडीवर अवकाशात गेले. त्याच तबकडीवर गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. आणि आज मुंबईचे कबीर शाक्य 'धम्म विंग्ज' हा बँड काढून गिटार-ड्रमवर बाबासाहेबांचा विचार गातात. नाव न लपवता, आवाज न दाबता. मुलाच्या फोनवर तेही आहे.

आमची स्वतःची निवड? विनाकव्हरची, घरीच भरलेली एक साधी कॅसेट. आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या गायन पार्टीची. तीत आमच्या आजीचा कोरसमधला आवाज आहे. यंदा पाहतो तो लोणावळ्याच्या ओलीने अर्ध्या फितीवर पांढरी बुरशी धरलेली. तिच्यावरची दोन गाणी कोणत्या कवीची, हे सांगणारे आता वस्तीत कुणी उरलेले नाही. बाकीच्या कॅसेटी दुकानातल्या, त्यांतली पुष्कळ गाणी आज फोनवर मिळतात. आजीचा आवाज मात्र याच एका फितीवर आहे.

म्हणून वाचकहो, एक विनंती. आपल्या पेटीतल्या कॅसेटी या रविवारी बाहेर काढा. बुरशी दिसली तर टेपमध्ये घालू नका, फीत तुटते आणि टेपही खराब होतो. जाणकाराकडून आधी साफ करून घ्या. चांगल्या असतील त्यांच्या मागच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. मग घरातल्या मुलाला सांगून संगणकावर वा फोनवर उतरवून घ्या. साठ मिनिटांच्या कॅसेटीला साठ मिनिटे लागतील, तेवढा वेळ घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. गाणे कुणी लिहिले, कुणी गायिले, ढोलकीवर कोण होते, हे विचारून तारखेसह लिहून ठेवा. भाजे लेण्यात ढोल वाजवणारी एक स्त्री दोन हजार वर्षांपासून कोरलेली आहे. तिचे नाव आज कुणाला ठाऊक नाही. आपल्या गायकांचे, कवींचे तसे होऊ नये.

आणि ऐकताना आवाजाचे बटण खाली आणू नका.