दिवाणखान्यातला भोंगा

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष भडकला, तेव्हा वृत्तवाहिन्यांवर बातम्यांच्या जोडीला हवाई हल्ल्याचा भोंगा वाजत होता. तो खरोखर कुठे वाजतो आहे, की नुसताच पार्श्वसंगीत म्हणून लावला आहे, हे घरात बसलेल्याला कळत नसे. अखेर १० मे रोजी केंद्राच्या नागरी संरक्षण यंत्रणेने वाहिन्यांना सूचना केली, की जनजागृतीखेरीज हा आवाज वापरू नका. लोकांना भोंग्याची सवय झाली, तर खऱ्या हल्ल्याच्या वेळी ते तो मनावर घेणार नाहीत, ही त्यामागची काळजी.

कान सरावतात, शरीर सरावतेच असे नाही. मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग आहे. धोक्याची चाहूल लागली की तो आधी घंटा वाजवतो. शहानिशा मागाहून होते. मग ॲड्रिनॅलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल रक्तात उतरते. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, स्नायू ताठतात, पचन मंदावते. समोर वाघ असेल तर ही तयारी पळायच्या कामी येते. सोफ्यावर बसलेल्याला पळायचे नसते आणि त्याचा वाघ दर पंधरा मिनिटांनी ‘ब्रेकिंग’ म्हणून परत येतो.

१५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर कॅलिफोर्नियातील संशोधकांनी हजारो लोकांची पाहणी केली. पुढच्या आठवडाभरात रोज सहा तास किंवा अधिक वेळ त्याच बातम्यांत घालवणाऱ्यांमध्ये ताणाची लक्षणे प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. आधीचे मानसिक आजार हिशेबात धरूनही हा संबंध टिकला.

अशा काळात सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत ‘बातम्यांचा त्रास होतो’ असे सांगत कोणी येत नाही. छातीत धडधड, डोके जड, पित्त, रात्री तीनला जाग, अशा तक्रारी असतात. किती वाजता झोपता, असे विचारले तर उत्तर येते, ‘बातम्या संपल्या की.’ त्या संपत नाहीत, हीच तर अडचण.

मात्र ईसीजी आधी, निदान नंतर. पन्नाशी ओलांडलेल्या किंवा मधुमेह, रक्तदाब असलेल्या माणसाचे छातीतले दुखणे ‘टेन्शन’ म्हणून घरीच निकालात काढू नये. आणि शेजारच्या काकूंची झोपेची गोळी तर मुळीच घेऊ नये. अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांची सवय काही आठवड्यांत लागते आणि वृद्धांचा तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते.

बातम्या पूर्ण तोडण्याची गरज नाही. औषधासारखी मात्रा ठरवावी: सकाळी वर्तमानपत्र, संध्याकाळी एक बातमीपत्र. वर्तमानपत्रातच हे लिहिणे थोडे स्वार्थाचे वाटेल, पण छापील पानाला शेवट असतो, मोबाइलच्या पडद्याला नसतो. तो मोबाइल रात्री उशाशी नको. फॅमिली ग्रुपवर आलेला स्फोटाचा व्हिडिओ खरा की खोटा, हे ठरवायला रात्रीचे अकरा ही योग्य वेळ नव्हे. लहान मुलांसमोर तर ती दृश्ये नकोतच. एकच स्फोट दहादा दिसला की त्यांना दहा स्फोट झाल्यासारखे वाटते.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या ज्या घरातला मुलगा सीमेवर आहे, तिथे ‘टीव्ही बंद करा’ म्हणणे निष्ठुरपणाचे आहे. तिथे एवढेच करता येते: घरातल्या एकानेच बातम्या पाहाव्यात आणि खात्रीची असेल तीच गोष्ट आईला सांगावी. संघर्षाच्या दिवसांत जवानांचे फोन अनेकदा बंदच असतात. फोन लागला नाही म्हणजे वाईट बातमी, असे नव्हे, हे तिला दिवसातून चार वेळा सांगावे लागले तरी सांगावे. शेजाऱ्यांनी बातम्यांची चर्चा करायला जाण्यापेक्षा तिच्याबरोबर चहा घ्यायला जावे.

झोप, भूक किंवा कामातले लक्ष दोन आठवड्यांहून अधिक काळ गेलेले असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. जगणे नकोसे वाटू लागले, तर त्याच दिवशी. टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.