पैनगंगेचे दोन काठ आणि एक तळटीप

भारतीय दंड संहितेची जुनी छापील प्रत कुठे हाती लागली, तर सुरुवातीच्या तळटिपा अवश्य वाचाव्यात. बारीक टाइपात तिथे एक नोंद सापडते: ही संहिता 1941 च्या ‘बेरार लॉज ॲक्ट’ने वऱ्हाडाला लागू केली आहे. वाचणारा चक्रावतो. संहिता 1860 ची. मग ती वऱ्हाडाला लागू करायला 1941 साली वेगळा कायदा कशाला लागला? वाशीम, रिसोड, मंगरूळपीर इथे तोवर इंग्रजांची कोर्टं नव्हती का? तिथे चोराला शिक्षा होत नव्हती का?

कोर्टं होती, शिक्षाही होत होती. पण ज्या जमिनीवर ती कोर्टं उभी होती, ती जमीन कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थान नव्हती. ती निजामाची होती.

1853 च्या तहात निजामाने हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. ताबा दिला, मालकी दिली नाही. पुढे 5 नोव्हेंबर 1902 ला लॉर्ड कर्झनने वर्षाला 25 लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं, आणि 1 ऑक्टोबर 1903 पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला. पण ‘कायमचा पट्टा’ झाला तरी तो पट्टाच. सार्वभौम राजा निजामच राहिला. त्यामुळे दिल्लीचा किंवा कलकत्त्याचा कायदा वऱ्हाडात आपसूक येत नसे. परक्या भूमीवर कारभार करण्याचे जे अधिकार ब्रिटिश राजमुकुटाने गव्हर्नर जनरलला दिले होते, त्यांच्या आधारे एकेक कायदा अधिसूचना काढून इथे आणावा लागे. परदेशातल्या ब्रिटिश कोर्टांसाठी वापरायची ही वाट वाशीमच्या दिवाणी आणि फौजदारी कोर्टांसाठी वापरली जात होती, हे कळल्यावर गावाकडे बघायची नजरच बदलते.

याहून नवलाची गोष्ट 1935 च्या भारत सरकार कायद्यात आहे. त्याचं 47 वं कलम संपूर्ण वऱ्हाडासाठी आहे. निजामाचं सार्वभौमत्व कायम ठेवून मध्य प्रांत आणि वऱ्हाड मिळून एक प्रांत धरावा, असं ते सांगतं. त्यातच एक वाक्य येतं: या कायद्यात जिथे ‘बादशहाची प्रजा’ म्हटलं असेल, तिथे निजामाची वऱ्हाडी प्रजाही धरावी, मात्र राजनिष्ठेच्या शपथेपुरतं नाही. किती काळजीपूर्वक रचलेलं वाक्य आहे हे! कारंज्याचा व्यापारी मत देईल, निवडून येईल, मंत्रीही होईल. पण शपथेची वेळ आली की कायद्याला आठवतं, हा मनुष्य दुसऱ्या राजाचा आहे. 1936 च्या करारानंतर निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. राजपुत्राची पदवी हैदराबादेत, त्याच्या नावाचा मुलूख पैनगंगेच्या उत्तरेला, आणि त्या मुलखाचा गव्हर्नर नागपुरात.

पैनगंगा इथे महत्त्वाची आहे. वाशीम जिल्ह्याच्या दक्षिणेला ती वाहते. पलीकडे आजचा हिंगोली जिल्हा, तेव्हाची मोगलाई, म्हणजे निजामाच्या थेट कारभाराखालचा मुलूख. दोन्ही काठांवर एकच राजा, पण कायदा वेगळा, नाणं वेगळं. पलीकडे हाली सिक्का चाले, अलीकडे कलदार. सात हाली रुपयांना सहा कलदार हा भाव. पलीकडे निजामाचं स्वतःचं पोस्टाचं तिकीट होतं, स्वतःचं जकात खातं होतं, अपिलाची शेवटची पायरीही हैदराबादच्याच ज्युडिशियल कमिटीची.

आता प्रश्न असा: वाशिमात दरोडा घालून कोणी नदी ओलांडली तर?

फौजदाराला त्याच्यामागे नदी ओलांडता येत नसे. इंग्रज आणि निजाम यांच्यात गुन्हेगार एकमेकांच्या हवाली करण्याचा करार 1867 साली झाला होता. त्या वाटेनेच जावं लागे. ही बंधनं नुसती कागदावर नव्हती. निजामाच्या हद्दीतल्या एका रेल्वे स्टेशनवर, सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटावरून, निजामाच्या एका प्रजाजनाला अटक झाली. रेल्वेच्या जमिनीवरचा अधिकार निजामाने इंग्रजांना दिला आहे, तेव्हा अटक वैध, असा सरकारचा दावा होता. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि 1897 मध्ये निकाल लागला की अटक बेकायदा. रेल्वेसाठी दिलेला अधिकार रेल्वेपुरताच. त्या रुळांवरून सिमल्याचं वॉरंट हैदराबादेत शिरू शकत नाही. साम्राज्य ऐन भरात असताना त्याच्याच सर्वोच्च न्यायपीठाने हे सांगितलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण हद्द म्हणजे काय हे त्यातून लख्ख दिसतं. फौज कुठेही जाऊ शकते. वॉरंट त्याला दिलेल्या हद्दीपुरतंच चालतं.

मग 1947 उजाडलं. 15 ऑगस्टला भारतीय स्वातंत्र्य कायद्याने ब्रिटिश राजमुकुटाची संस्थानांवरची अधिसत्ता संपवली आणि तिच्याबरोबर संस्थानिकांशी झालेले तहही संपवले. निजामाने जूनमध्येच फर्मान काढून आपण स्वतंत्र राहणार असं जाहीर केलं होतं, आणि वऱ्हाडावरचा हक्कही त्याने पुढे केला होता. तह गेले तर पट्टा गेला, पट्टा गेला तर मुलूख परत करा, असा हा सरळ तर्क. वाशीमची कोर्टं, जमिनीच्या नोंदी, शिक्षा, कर्जाचे दावे हे सगळं ज्या कराराच्या खुंटीवर टांगलं होतं, ती खुंटीच उपटली जात होती. प्रत्यक्षात वऱ्हाड मध्य प्रांताबरोबरच राहिलं आणि कारभार एक दिवसही थांबला नाही. 29 नोव्हेंबर 1947 ला भारत आणि हैदराबाद यांच्यात एक वर्षासाठी ‘जैसे थे करार’ झाला: इंग्रजांच्या काळात सामाईक बाबींची जी व्यवस्था होती ती तशीच चालू राहावी, आणि दोघांनी एकमेकांकडे प्रतिनिधी नेमावेत. हैदराबादेत भारताचे प्रतिनिधी म्हणून कन्हैयालाल मुनशी गेले.

कागदावर ‘जैसे थे’ असलं तरी नदीवर तसं काही उरलं नव्हतं. रझाकार या निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या छळाला कंटाळून मराठवाड्यातली माणसं वऱ्हाडात येत होती. शेजारचं राज्य संघाबाहेर, म्हणून ती परराज्यातून आलेली. पण भाषा तीच, सोयरिकी त्याच. त्यांच्यासाठी व्हिसा नव्हता आणि निर्वासितांचा कायदाही नव्हता. तो भारतात आजही नाही. हद्दीलगत हैदराबाद स्टेट काँग्रेसची शिबिरं उभी राहिली. कायद्याने जे लिहून ठेवलं नव्हतं ते त्या वर्षी घरांनी आणि शिबिरांनी केलं. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य हैदराबादेत शिरलं आणि 17 तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली.

हे वाचताना मला आयर्लंडचा सारखा आठव होतो. जून 2016 मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. आयर्लंड कुठेच जात नव्हता, तरी कायदे त्यालाही बदलावे लागले, कारण शेजाऱ्याशी असलेली कित्येक नाती संघाच्या कायद्यावर उभी होती. संघात एका देशाच्या कोर्टाचं अटक वॉरंट दुसऱ्या देशाच्या कोर्टाकडे थेट जातं. ब्रिटन बाहेर पडल्यावर डब्लिनहून ब्रिटनच्या हद्दीतल्या बेलफास्टला पळालेल्या आरोपीचं काय? आयर्लंडच्या संसदेने 2019 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये, अनेक खात्यांचे बदल एकत्र बांधून, मोठे कायदे केले. गुन्हेगार हस्तांतरणाची जुनी वाट पुन्हा वापरता यावी अशी सोय त्यांत होती. दुसरा प्रश्न आश्रय मागणाऱ्यांचा. संघात असताना, ज्या देशात मनुष्य आधी पोचला तिकडे त्याला परत पाठवण्याची पद्धत होती. ब्रिटनपुरती ती संपणार होती. म्हणून 2020 च्या कायद्यात ‘सुरक्षित तिसरा देश’ ठरवण्याची तरतूद आली आणि ब्रिटनला तसं जाहीर केलं गेलं. मार्च 2024 मध्ये आयर्लंडच्या हायकोर्टाने ते जाहीर करणंच बेकायदा ठरवलं. आजही डब्लिनला नोकरी करणारी मराठी मुलगी बेलफास्टला निघाली तर वाटेत चौकी लागत नाही, पण तिला ब्रिटनचा व्हिसा लागतो.

डोळ्यांना न दिसणारी रेषा, आणि तिच्यापायी आधी करून ठेवावी लागणारी एवढी तयारी! वाशीमकरांनी ती तयारी आणखी एकदा अनुभवली, बहुतेकांना न कळता. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले, आणि त्याच दिवशी मराठवाडाही आला. त्यासाठीचा राज्य पुनर्रचना कायदा 31 ऑगस्टचा. हाती दोन महिने.

त्या कायद्यातलं 119 वं कलम वाचून मी थक्क झालो. प्रदेश एका राज्यातून दुसऱ्यात गेला म्हणून कुठलाही कायदा कुठे लागू आहे यात बदल झाला असं समजू नये, हा त्याचा आशय. नवं विधिमंडळ काही वेगळं ठरवेपर्यंत जुन्या कायद्यातलं राज्याचं नाव म्हणजे आदल्या दिवशीचा मुलूख. म्हणजे 1 नोव्हेंबरच्या सकाळी वाशीम मुंबई राज्यात जागं झालं, पण तिथला कायदा ‘मध्य प्रदेश’ म्हणाला तर त्यात वाशीम धरलेलं होतंच! 120 व्या कलमाने सरकारांना जुने कायदे दुरुस्त करून घ्यायला एक वर्ष दिलं. 125 वं कलम चालू खटल्यांचं: एखादं प्रकरण केवळ दुसऱ्या राज्यात गेलेल्या भागाचं असेल तर ते तिकडच्या कोर्टाकडे आपोआप वर्ग होईल. पक्षकाराने नवा दावा लावायचा नाही, नवा स्टॅम्प भरायचा नाही. 1936 साली स्थापन झालेलं नागपूरचं हायकोर्ट नव्या मध्य प्रदेशचं झालं आणि त्याचं मुख्य ठिकाण जबलपूरला गेलं. विदर्भाच्या अपिलांसाठी नागपुरात मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश बसू लागले. 1960 च्या मुंबई पुनर्रचना कायद्याने ते कायम केलं: किमान तीन न्यायाधीश नागपुरात बसतील, आणि ज्या जिल्ह्यांची नावं लिहिली त्यांत अकोला होतं; वाशीम तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं.

अशी कलमं लिहिणाऱ्या मसुदाकारांची नावं कोणाला ठाऊक नसतात. एखाद्या म्हाताऱ्या विधवेचा जमिनीचा दावा दोन राज्यांच्या फटीत पडू नये म्हणून कोणीतरी रात्री बसून ‘आपोआप वर्ग होईल’ हे शब्द घातले असतील. मला त्या माणसांविषयी मनापासून आदर वाटतो.

जुनं राज्य कायद्यातून किती सावकाश जातं, हेही पाहण्यासारखं आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे नाव 1950 मध्ये गेलं, पण त्या प्रांताचा 1949 चा घरभाडे नियंत्रण आदेश विदर्भात मार्च 2000 पर्यंत चालला. त्यानंतर महाराष्ट्राचा एकच भाडे कायदा आला. म्हणजे 1 जुलै 1998 ला वाशीम जिल्हा जन्मला तेव्हाही त्याच्या हद्दीतलं भाडेकरूचं भांडण, नकाशावर नसलेल्या प्रांताच्या आदेशाने सुटत होतं. जमीन महसुलाचं एकीकरण त्याआधी झालं: 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने विदर्भात चालू असलेली मध्य प्रदेशची 1954 ची संहिता रद्द केली.

कुळ कायदा मात्र अजून एक झालेला नाही. पश्चिम महाराष्ट्राला 1948 चा, मराठवाड्याला 1950 चा हैदराबादचा, विदर्भाला 1958 चा. कुळ म्हणून मिळालेली जमीन विकायची तर परवानगीचा प्रश्न पश्चिम महाराष्ट्रात कलम 43 ने येतो, विदर्भात 57 ने, मराठवाड्यात 50-ब ने. रिसोडच्या ज्या शेतकऱ्याची अशी जमीन पैनगंगेच्या दोन्ही काठांना असेल, त्याला आजही अलीकडच्या तुकड्यासाठी एक कायदा उघडावा लागतो आणि पलीकडच्यासाठी दुसरा.